दोन-दोन कागद येत असतील, तर दोष ओढणाऱ्या रोलरमध्ये नव्हे, अडवणाऱ्या रोलरमध्ये शोधावा

आपली अडचण मला समजली ती अशी: कोकणातील आपल्या झेरॉक्सच्या दुकानात वापरलेले विकत घेतलेले ए३ मशीन आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या खालच्या ट्रेमधून एकाच वेळी दोन-तीन कागद उचलले जातात. मेकॅनिकने पिकअप रोलर (ट्रेमधून कागद उचलून पुढे देणारा) नवा बसवला, पण त्रास कमी होण्याऐवजी वाढला, आणि आता नवा रोलरच निकृष्ट असावा अशी शंका आपल्याला येते आहे. माझ्या मते नवा रोलर बहुधा उत्तम आहे आणि त्रास त्यामुळेच वाढला आहे.

ट्रेमधून कागद घेताना मशीनला दोन वेगळी कामे करावी लागतात. वरचा कागद पुढे सरकवणे हे एक, आणि त्याला चिकटून निघालेला दुसरा कागद मागे रोखणे हे दुसरे. अंगठ्याने वरचा पत्ता सरकवताना आपण दुसऱ्या बोटाने खालचा पत्ता दाबून धरतो, तसेच हे आहे. कागदच न उचलला जाणे हा सरकवण्यातला बिघाड असतो, तर दोन कागद एकदम येणे हा रोखण्यातला. आपल्या मशीनचा जुना पिकअप रोलर गुळगुळीत होऊन थोडा घसरत होता, त्यामुळे त्याच्या पुढे असलेल्या, एक ओढणारा व एक रोखणारा अशा दोन रोलरांच्या जोडीवर कागदांचा पूर्ण रेटा येत नव्हता. आता तो रेटा प्रत्येक वेळी येतो आणि रोखणाऱ्या रोलरचा अशक्तपणा उघडा पडतो.

हे सारे घर्षणाच्या उतरंडीवर चालते. फीड रोलर (कागद पुढे ओढणारा) आणि कागद यांच्यातील घर्षण सर्वांत जास्त असावे लागते, रिटार्ड रोलर (कागद रोखणारा) आणि कागद यांच्यातील त्याहून कमी, आणि कागद व कागद यांच्यातील सर्वांत कमी. नव्या रबराचा कागदावरील घर्षणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा, साधारणपणे १ च्या वर असतो आणि कोरड्या कागदाचा कागदावरील ०.५ च्या आसपास. मधल्या या फरकावरच सारी यंत्रणा उभी आहे. रबरावर कागदाची पांढरी भुकटी बसली की वरचा आकडा खाली येतो, आणि हवेतील दमटपणाने कागद नरम व जड झाला की खालचा आकडा वर सरकतो. पावसाळ्यात या दोन्ही गोष्टी एकदम घडतात.

आपल्या प्रकारच्या मशीनमध्ये पिकअप रोलरच्या पुढे दोन रोलरांची जोडी असते: वर फीड रोलर, खाली रिटार्ड किंवा सेपरेशन रोलर. खालच्या रोलरच्या दांड्यावर टॉर्क लिमिटर नावाचा, ठरावीक जोरापर्यंत रोलरला अडवून धरणारा छोटा भाग बसवलेला असतो आणि खरी करामत त्याची आहे. जोडीत एकच कागद असेल, तर फीड रोलरची ओढ त्या कागदामार्फत खालच्या रोलरपर्यंत पोहोचते, ती लिमिटरच्या मर्यादेपेक्षा जास्त असते, आणि खालचा रोलर निमूटपणे कागदाबरोबर पुढे फिरतो. दोन कागद शिरले की मध्ये कागदावर कागद ही निसरडी पातळी येते. तिच्यातून येणारी ओढ लिमिटरला हरवू शकत नाही, त्यामुळे खालचा रोलर जागीच थांबतो, आणि ज्या मशीनमध्ये त्याला उलटी गती दिलेली असते तिथे तो दुसऱ्या कागदाला मागे ढकलतो. म्हणजे आत किती कागद आले हे कोणताही सेन्सर न पाहता, केवळ घर्षणावरून ठरते. मला स्वतःला कॉपियरमधील ही सर्वांत सुंदर योजना वाटते.

आता तपासणी. मशीन बंद करून, प्लग काढून, बाजूचे दार उघडावे आणि रिटार्ड रोलर हाताने फिरवून पाहावा. दांडा स्थिर असताना तो जड पण एकसारखा फिरला पाहिजे. अगदी मोकळा फिरत असेल, तर लिमिटर गेला आहे आणि वरचे रबर कितीही नवे असले तरी दोन कागद येणारच. उलट तो घट्ट अडकला असेल, तर कागद अडखळेल, कडेवर घासल्याचे काळे डाग दिसतील आणि रबर एकाच जागी झिजून सपाट होईल.

याहून सोपी पाहणी कागदाच्या कडांची आहे. दोन कागद आत जाताच मशीन थांबवून ते न हलवता पाहावेत. दुसऱ्या कागदाची पुढची कड पहिल्याच्या मागे राहिली असेल, तर रिटार्ड रोलरने प्रयत्न केला पण तो कमी पडला. दोन्ही कडा तंतोतंत जुळलेल्या असतील, तर ते कागद मुळातच एकमेकांना चिकटलेले होते. बोथट पात्याने कापलेल्या रिममध्ये (कागदाच्या गठ्ठ्यात) कडा अशा चिकटतात. अशा वेळी रिम दोन्ही टोकांकडून फुलवून घेतल्यास फरक पडतो. तोच कागद बायपास ट्रेमधून (बाजूच्या, हाताने कागद ठेवण्याच्या ट्रेमधून) चालवून पाहावा, कारण तिथले रोलर वेगळे असतात. तिथेही दोन-दोन येत असतील, तर आधी कागदाचा विचार करावा.

कागदाबाबत एवढेच सांगतो की रिमचे वेष्टन आतून ओलावा रोखणारे असते, म्हणून ते गरजेपुरतेच फोडावे आणि उरलेला कागद झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावा. रात्री ट्रे भरून ठेवू नये. मोठ्या मशीनमध्ये ट्रेजवळ ओलावा घालवणाऱ्या हीटरची सोय अनेकदा असते. आपल्या मशीनमध्ये ती आहे का आणि जोडलेली आहे का, हे मेकॅनिकला अवश्य विचारावे. छपाईही मधूनमधून फिकट येत असेल, तर कागद दमटच आहे असे समजावे, कारण ओल्या कागदावर टोनर (शाईची भुकटी) नीट उतरत नाही.

रोलर पुसण्यासाठी पाण्याने किंचित ओलसर केलेले, धागे न सोडणारे कापड पुरेसे आहे. पेट्रोल किंवा थिनर कधीही लावू नये. असे बरेच रोलर ईपीडीएम रबराचे असतात आणि ते खनिज तेलांनी फुगते. पॉलिश कागदाने रबर घासण्याची युक्ती बाजारात सर्रास चालते. तिने आठवडाभर काम भागते, पण व्यास कमी होतो आणि दाब बदलतो, म्हणून मी ती करत नाही.

कागद अडकण्याची डोकेदुखी आजची नाही. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ या मशीनमध्ये कागद तापत्या भागात अडकून पेटण्याचा धोका असल्याने त्याच्यासोबत आग विझवण्याचे छोटे उपकरण दिले जात असे, आणि त्याला नाव मात्र ‘स्कॉर्च एलिमिनेटर’ असे सौम्य दिले होते. मोठ्या डिजिटल छपाई यंत्रांत आता रबराऐवजी हवेच्या झोताने कागद सुटे करून शोषणाच्या पट्ट्याने ओढतात, कारण चकचकीत लेपाचे कागद रबराच्या घर्षणाने भरवशाने सुटत नाहीत. आपल्या दुकानाला त्याची गरज नाही.

पुढची खरेदी करताना फीड आणि रिटार्ड हे दोन्ही रोलर एकाच वेळी बदलावेत आणि लिमिटर मोकळा आढळला, तर तोही त्याच वेळी. फीड रोलरच्या आत एकाच दिशेने मोकळा फिरणारा क्लच असतो, कारण पुढच्या रजिस्ट्रेशन रोलरने (कागद सरळ करून छपाईकडे नेणाऱ्या) कागद ओढायला घेतला की मागच्याने त्याला अडवून चालत नाही. रोलर उलटा बसला, तर कागद नीट पुढे सरकत नाही. मेकॅनिक निघण्यापूर्वी ट्रेचा काउंटर (किती कागद गेले ते मोजणारा आकडा) शून्यावर आणून घ्यावा आणि नव्या, कोरड्या रिममधून सलग शंभर प्रती त्याच्यासमोर काढून पाहाव्यात. त्यानंतरही दोन कागद आले, तर कडा कशा होत्या तेवढे मला कळवा.