एआरएम (मोबाइलसारख्या प्रोसेसरच्या) लॅपटॉपवर लिनक्स चढवताना 'एक्झिटिंग बूट सर्व्हिसेस' या ओळीनंतर स्क्रीन काळी पडते. काय करावं?

स्वतः कंपाइल केलेला कर्नल (लिनक्सचा गाभा), पेनड्राइव्हवर ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम), आणि आठ दिवस कर्नल पुन्हा पुन्हा बांधूनही तीच काळी स्क्रीन. शिवाय सोलापुरात हे कुणाला विचारावं कळत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. मी सोलापूरचाच आहे आणि याच ओळीपाशी तीन आठवडे अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कर्नल तिथेच मेला असं धरून चालू नका. त्या ओळीपर्यंत स्क्रीनवर अक्षरं उमटवायचं काम फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉपमध्ये आधीपासून असलेला मूळ प्रोग्रॅम, करत असतं. ती ओळ आली की फर्मवेअर बाजूला होतं आणि लिहिण्याची सोयही त्याच्याबरोबर जाते. कर्नल पुढे चालू असू शकतो, आपल्याला फक्त काही दिसत नाही.

माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग थांबला की ते लगेच पाना उचलत नसत. ताण्यावरून हात फिरवत धागा नेमका कुठे तुटलाय ते आधी शोधत. तुम्हीही तूर्त कर्नल बांधणं थांबवा.

त्या शेवटच्या ओळीच्या वर काय लिहिलंय ते बघा. 'यूजिंग डीटीबी' असं असेल तर डिव्हाइस ट्री, म्हणजे लॅपटॉपमधल्या भागांची नोंद असलेली डीटीबी फाइल, कर्नलपर्यंत पोहोचली. 'जनरेटिंग एम्प्टी डीटीबी' असेल तर कर्नलला तुमच्या लॅपटॉपची माहितीच मिळालेली नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे ग्रबच्या मेनूत 'डिव्हाइसट्री'ची ओळ राहिलेली असते किंवा सिक्युअर बूट (फक्त सही केलेलंच सुरू होऊ देणारी सोय) चालू असतं. सिक्युअर बूट चालू असताना ग्रब ती फाइल घेतच नाही.

डीटीबी ठीक असेल तर बूट ओळीत (ग्रब कर्नलला सूचना देतो त्या ओळीत) 'अर्लीकॉन=ईएफआयएफबी' आणि 'कीप_बूटकॉन' टाका. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ईएफआय अर्लीकॉन चालू हवं. मग फर्मवेअरने सोडलेल्या फ्रेमबफरवर (स्क्रीनवरचं चित्र ठेवणाऱ्या मेमरीत) कर्नल स्वतःच लिहायला लागतो.

माझ्याकडे हे केल्यावर ओळी भराभर आल्या आणि काही सेकंदांत पुन्हा अंधार. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. शेवटची ओळ होती 'डिसेबलिंग अनयूज्ड क्लॉक्स'. तिथे सगळं उलगडलं. डिस्प्लेची क्लॉक (त्याला चालवणारा ठोक्यांचा सिग्नल) फर्मवेअरने चालू ठेवलेली होती. माझ्या डीटीबीत डिस्प्लेची नोंद नव्हती, त्यामुळे ही क्लॉक कुणी वापरत नाही असं समजून कर्नलने ती बंद केली. 'सीएलके_इग्नोर_अनयूज्ड' आणि 'पीडी_इग्नोर_अनयूज्ड' हे दोन शब्द बूट ओळीत टाकले आणि स्क्रीन टिकली. रात्रीचे दोन वाजले होते, तरी वडिलांना उठवून दाखवलं. डिस्प्लेचा ड्रायव्हर नीट बसेपर्यंत हे दोन्ही राहू द्या.

अर्लीकॉन टाकूनही काहीच दिसलं नाही, तर 'रूटवेट' (रूट डिस्क मिळेपर्यंत थांबायची सूचना) काढा, इनिटरामएफएस (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) देऊ नका आणि 'पॅनिक=10' लिहा. साधारण दहा सेकंदांनी लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला, तर कर्नल बराच पुढे जाऊन पॅनिक होतोय, म्हणजे हात टेकतोय. बहुतेक रूट फाइलसिस्टिम (लिनक्सच्या मुख्य फाइल्सची जागा) मिळत नसल्यामुळे. ढिम्म बसला, तर अडचण त्याच्या आधी आहे. सिरियल पोर्ट (कर्नलच्या ओळी दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचायची जोडणी) नसलेल्या लॅपटॉपवर ही चाचणी मला फार उपयोगी पडली.

पुढचा अडथळा पेनड्राइव्हचा. ग्रबला पेनड्राइव्ह दिसला म्हणजे कर्नललाही दिसेल असं नाही. ग्रबसाठी तो फर्मवेअर वाचत होतं. कर्नलला यूएसबी कंट्रोलर, त्याचा फाय (तारेवरचे सिग्नल सांभाळणारा भाग) आणि रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग), सगळ्यांचे ड्रायव्हर स्वतःचे लागतात. यातला एक जरी इनिटरामएफएसमध्ये टाकायचा राहिला तरी बाकीचे त्याची वाट बघत बसतात. शेल (कमांड लिहायची जागा) मिळालं आणि कीबोर्ड चालला, तर डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) माउंट करून 'डिव्हायसेस_डिफर्ड' ही फाइल वाचा. कोण अडकलंय ते तिथे दिसतं.

आणखी एक, आपल्या गावाच्या उन्हाळ्यासाठी. डीटीबीत तापमानाचे सेन्सर नसतील तर कर्नल वेळेवर वेग कमी करत नाही. मे महिन्याच्या दुपारी माझा लॅपटॉप मध्येच बंद पडायचा आणि मी दोष बूटमध्ये शोधत बसायचो. तळ हाताला पोळत असेल तर पुढची चाचणी पहाटे करा.

आज फक्त 'एक्झिटिंग बूट सर्व्हिसेस'च्या वरची ती डीटीबीची ओळ बघा आणि 'यूजिंग' की 'जनरेटिंग' ते इथे लिहा. 'जनरेटिंग' असेल तर ग्रबच्या मेनूची फाइलही टाका, मी आज रात्रीच बघतो.