कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च वसूल होतो का, हे कसं ठरवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रवेश मिळालाय, फी घरच्यांना झेपणारी नाही, कर्ज काढावं लागेल. मोठा भाऊ म्हणतो, "डिग्रीला आता कोण विचारतं? एखादं काम शीक आणि कमवायला लाग." आणि तुम्हाला कळत नाहीये की कॉलेजचा खर्च खरंच वसूल होतो की नाही.

मी बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या फायली हाताळल्या. कर्ज मंजूर होताना आलेली मुलं पाहिली आणि हप्ते थकल्यावर आलेलीही पाहिली. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा भाऊ साफ चुकतोय असं नाही आणि "शिक्षणावरचा खर्च कधीच वाया जात नाही" म्हणणारेही पूर्ण बरोबर नाहीत. दोघंही "डिग्री" म्हणून एका ढोबळ गोष्टीबद्दल बोलतात. तुमच्यासमोर मात्र एक ठरावीक कोर्स आहे, एक ठरावीक कॉलेज आहे, ठरावीक व्याजाचं कर्ज आहे. हिशोब त्याचा करायचा.

हप्ते थकवून आलेल्यांमध्ये मला सर्वात बिकट अवस्थेत कोण दिसायचे? कमी पगाराची नोकरी लागलेले नव्हेत. ते कुरकुरत का होईना, फेडायचे. खरी पंचाईत व्हायची ती कोर्स अर्धवट सोडलेल्यांची. कर्ज पदवीधराचं, कमाई बारावीवाल्याची. त्यामुळे फी, पगार, कॉलेजचं नाव या सगळ्याच्या आधी स्वतःला विचारा: मी हा कोर्स पुरा करण्याची शक्यता किती? विषय खरंच आवडतो की गुण बसले म्हणून घेतोय? घरात कुणी आजारी पडलं, कमावणारा हात थांबला, तर दुसऱ्या वर्षाची फी कुठून येईल? आणि त्या कॉलेजात प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत पास होऊन बाहेर पडतात? हा शेवटचा आकडा जाहिरातीत सहसा नसतो. तो मागून घ्यावा लागतो.

आता खर्च. बहुतेक जण फी, वसतिगृह आणि पुस्तकं यांची बेरीज करतात आणि थांबतात. यात एक गोष्ट जास्त मोजली जाते आणि दोन मोजलीच जात नाहीत. जास्त मोजलं जातं ते जेवणखाण, कारण कॉलेजला गेला नाहीत तरी जेवणार आहातच. बाहेर राहण्यामुळे जेवढा जास्तीचा खर्च होतो तेवढाच कॉलेजच्या नावावर टाका. न मोजलेली पहिली गोष्ट म्हणजे त्या तीन-चार वर्षांत जे कमावलं असतं ते. अनेकांच्या बाबतीत ही रक्कम फीपेक्षाही मोठी निघते आणि फी कमी असलेल्या कॉलेजात तर नक्कीच.

दुसरी गोष्ट व्याज. समजा फी एकूण १०० आहे, चार वर्षांत दरवर्षी सुरुवातीला २५ अशी भरायची, सगळी कर्जातून, व्याज वर्षाला १० टक्के, आणि शिकत असताना हप्ता नाही. छान वाटतं. पण व्याज चालूच असतं. ते मुद्दलात मिळत गेलं, तर कोर्स संपतो त्या दिवशी तुम्ही १०० नव्हे, साधारण १२८ देणं लागता. ते दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांनी फेडलं, तर खिशातून एकूण २०० च्या थोडं वर जातं. म्हणजे माहितीपत्रकात छापलेल्या फीच्या दुप्पट. कर्ज मंजूर करताना मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवायचो आणि वडील मंडळी गप्प व्हायची. मुलं मात्र म्हणायची, "पण तोपर्यंत पगार सुरू होईल ना." होईल. पण पहिला पगार येण्याआधी हप्ता सुरू झाला तर काय, हेही विचारून ठेवा. शिकत असताना निदान व्याज तरी भरत राहणं जमलं, तर हा डोंगर बराच लहान होतो.

फायद्याकडे वळू. पदवीधरांची सरासरी कमाई पदवी नसलेल्यांपेक्षा जास्त असते, हे जवळपास सगळ्या देशांत दिसतं. पण ती जास्तीची कमाई कॉलेजमुळे किती आणि मूळचीच हुशारी, चिकाटी, घरची परिस्थिती यांमुळे किती, यावर अर्थतज्ज्ञ गेली अनेक दशकं भांडतायत. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलं की शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक आहे: कौशल्य वाढतं, म्हणून कमाई वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळाच मुद्दा काढला. मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून बघतो. कॉलेजात काही शिकलं नाही तरी ती खूण कामाला येते. या कामासाठी स्पेन्स यांना पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं, आणखी दोघांसोबत.

तुम्हाला या वादाशी काय करायचंय? एक फार व्यावहारिक गोष्ट त्यातून निघते. पदवी जर बऱ्याच अंशी खूण असेल, तर अर्ध्या पदवीची किंमत अर्धी नसते, त्याहून बरीच कमी असते. अमेरिकेत हंगरफर्ड आणि सोलोन या संशोधकांनी १९८७ मध्ये असंच दाखवलं: शिक्षणाचं शेवटचं वर्ष, ज्यात पदवी हातात पडते, कमाईत जी उडी देतं ती आधीच्या वर्षांच्या मानाने मोठी असते. फायलींमध्ये मी जे बघत होतो त्याचं हेच कारण असावं, असं मला वाटतं.

आणि हो, "अमुक अब्जाधीशाने कॉलेज सोडलं" हे उदाहरण कुणी दिलं तर हसून सोडून द्या. बिल गेट्स यांनी १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं हे खरं, पण त्यांना शाळेतच, १९६८ पासून, संगणक हाताळायला मिळाला होता, तेव्हा बहुतेक विद्यापीठांतल्या मुलांनाही तो नीट मिळत नसे. कॉलेज सोडून ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांच्यावर लेख कोण लिहिणार?

भावाचा सल्ला मात्र गांभीर्याने घ्या, फक्त तो अर्धा सोडू नका. "काम शीक" म्हणजे कोणतं काम? कुणाच्या हाताखाली? तो माणूस तुम्हाला घ्यायला तयार आहे का? शिकताना काही देईल की फुकट राबवेल? त्याच कामात दहा-पंधरा वर्षं काढलेला एखादा माणूस शोधा आणि त्याला विचारा की आज हातात काय पडतं, आणि गुडघे-कंबर कशी आहे. हे मी गमतीने लिहीत नाही. वीजजोडणी, नळकाम, वेल्डिंग, यंत्रदुरुस्ती यांत चांगला कारागीर अनेक पदवीधरांपेक्षा जास्त कमावतो, पण पंचेचाळिशीनंतर शरीर साथ देईल का आणि तोवर स्वतःचा धंदा उभा राहील का, यावर पुढचं सगळं ठरतं. याउलट तुम्हाला डॉक्टर, वकील, वास्तुविशारद व्हायचं असेल, तर पदवीशिवाय परवानाच मिळत नाही. तिथे "कॉलेज करावं का" हा प्रश्न उरतच नाही, "कुठून आणि कितीत" एवढाच उरतो. आणि पर्याय म्हणून "बघू काहीतरी" एवढंच असेल, तर तो पर्याय नाही. ठोस पर्याय नसेल तर साधारण बऱ्या कॉलेजचं पारडं आपोआप जड होतं.

कॉलेजच्या माहितीपत्रकातला नोकऱ्यांचा आकडा कसा वाचायचा, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वात जास्त लोक फसतात. समजा लिहिलंय, "९० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी." कशाचे ९० टक्के? १०० जणांनी प्रवेश घेतला. ७० जण वेळेत पास झाले. त्यातल्या ५० जणांनी कॉलेजच्या नोकरी कक्षात नाव नोंदवलं. बाकीच्यांना गुणांची अट घालून बाहेर ठेवलं, किंवा ते स्वतःच गेले नाहीत. त्या ५० पैकी ४५ जणांना पत्र मिळालं. झाले ९० टक्के. तुम्ही मात्र आज त्या १०० जणांमध्ये उभे आहात, ५० मध्ये नाही, आणि १०० मधले ४५ म्हणजे निम्मेही नाहीत. शिवाय पत्र मिळणं आणि रुजू होणं यात फरक असतो. सर्वात मोठ्या पगाराचा आकडा ठळक अक्षरात असतो, तो एका मुलाचा असतो. सरासरीही अशा दोन-तीन मुलांमुळे फुगते. तुम्ही मधला आकडा मागा: सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये उभ्या असलेल्याला किती मिळतं? कॉलेज देत नसेल तर दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलांना गाठा, आणि त्यातले निदान काही जण असे असू देत ज्यांचा फोटो माहितीपत्रकात नाही.

माझा ठोकताळा असा: त्या मधल्या विद्यार्थ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या सहाव्या भागात कर्जाचा हप्ता बसत असेल, तर फार विचार न करता पुढे जा. तिसऱ्या भागापर्यंत जात असेल तर ते कॉलेज तुमच्यासाठी महाग आहे, भले ते कितीही नावाजलेलं असो. मधल्या पट्ट्यात असाल तर घरचा आधार किती, यावर ठरवा. हा कुठला नियम नाही, फायली बघून बसलेला अंदाज आहे.

नावाचं म्हणाल, तर स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेत एक फार सुंदर तुलना केली होती, २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळालेला असूनही कमी नामांकित कॉलेजात गेलेल्या मुलांची कमाई त्यांनी पाहिली. ती नामांकित कॉलेजात गेलेल्यांइतकीच निघाली. म्हणजे बरंचसं श्रेय मुलाचंच होतं. अपवाद होता गरीब घरांतल्या मुलांचा: त्यांना नामांकित कॉलेजाचा खरोखर फायदा झाला. मला हे पटतं. ज्याच्या घरी ओळखीपाळखी आधीपासून आहेत, त्याला कॉलेज नवं काही फारसं देत नाही. ज्याच्या घरी पहिल्यांदाच कुणी शिकतंय, त्याला तिथल्या ओळखी आणि तिथे मोठ्या झालेल्या अपेक्षा मिळतात. तेव्हा तुम्ही घरातले पहिले असाल, तर वरच्या कॉलेजासाठी थोडं जास्त मोजणं मी गैर मानणार नाही. फक्त कॉलेज खरंच वरचं हवं. भव्य इमारत आणि मोठ्या जाहिराती असलेलं मधलं कॉलेज हा सर्वात वाईट सौदा.

शिक्षणाने माणूस घडतो, दृष्टी रुंदावते वगैरे सगळं मला मान्य आहे. पण ते स्वस्त कॉलेजातही होतं, म्हणून महाग फीच्या समर्थनात ते धरू नका.

एका बाबतीत मी कडक आहे. तारण म्हणून राहतं घर किंवा आईवडिलांची म्हातारपणाची पुंजी लावायची वेळ येत असेल, तर ते कॉलेज सोडा आणि स्वस्तातलं बघा. तुम्हाला फेडायला चाळीस वर्षं आहेत, त्यांना नाहीत. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये अशी पद्धत आणली की कमाई ठरावीक पातळीच्या वर गेली तरच करासोबत फी वळती होते, नाही गेली तर थांबते. अशा कर्जात धोका बराचसा सरकार उचलतं, तिथे हात थोडा सैल सोडता येतो. साध्या बँककर्जात पगार असो वा नसो, हप्ता येतोच. तुमचं कर्ज यातलं कोणतं, हे करारात बघा. सही करणाऱ्या जामीनदारावर नेमकी काय जबाबदारी येते, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

मधले मार्गही आहेत. सुरुवातीची वर्षं जवळच्या स्वस्त कॉलेजात काढून नंतर बदली घेता येते का, ते विचारा, आणि आधीचे विषय धरले जातील हे लेखी घ्या. एखादं वर्ष काम करून पैसे साठवून जाणंही चालतं, प्रवेश पुढे ढकलता येत असेल तर. शिकता शिकता नोकरी करणार असाल तर तास मर्यादित ठेवा, कारण नोकरीपायी परीक्षा बुडायला लागल्या की आपण पुन्हा त्या अर्धवट सोडणाऱ्यांच्या रांगेत येतो.

आणि प्रवेश घेतलातच, तर पहिल्याच दिवशी कॉलेजच्या कार्यालयात विचारा की प्रवेश रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती फी परत मिळते. ती तारीख लिहून ठेवा. तिच्या आठवडाभर आधी, तोवर झालेले वर्ग आणि चाचण्या बघून, वर मांडलेला हिशोब भावाला सोबत घेऊन पुन्हा करा. कोर्स कोणता आणि व्याजाचा दर किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. टिप्पणीत टाकलंत तर हप्ता किती बसेल ते मी काढून देतो.