गाडीच्या आतल्या पार्टना स्क्रू सोडून हाताने दाबायच्या क्लिपा का लावतात?

प्रश्न वाचून आधी रागच आला, मग म्हटलं लिहूनच टाकू. विचारणाऱ्याने लिहिलंय की स्पीकर बसवायला मेकॅनिकने दाराचं पॅड काढलं, चार क्लिपा तुटल्या, आता खड्ड्यातून गेलं की दार खडखडतं, तर कंपन्या चार पैसे वाचवायला हे "नुसतं अंगठ्याने दाबून बसणारं प्लास्टिक" लावतात का, आणि आता सरळ स्क्रू मारून घेऊ का.

स्क्रू मारू नका. हे झालं उत्तर. आता त्या "नुसतं अंगठ्याने" बद्दल बोलते, कारण ते नुसतं काय असतं ते माझ्या उजव्या अंगठ्याला विचारा.

मी आयटीआय करून चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात ट्रिम लाईनला, म्हणजे गाडीची आतली अस्तरं-पॅनलं बसवतात त्या लाईनला होते, चार वर्षं. राजगुरुनगरहून कंपनीची बस पकडायची, पहिल्या शिफ्टला पहाटे पाच वाजता. माझं स्टेशन मागच्या दाराचं, म्हणजे डिकीच्या झाकणाला आतून जे अस्तर असतं ते आणि बाजूच्या कार्पेटचे कोपरे. एका गाडीला ११ क्लिपा, झाडासारख्या, दांड्याला पाती पाती असलेल्या. दर दोन मिनिटाला एक गाडी पुढ्यात यायची, जेवण-चहा सोडून शिफ्टचे सात तास धरा, २१० गाड्या, म्हणजे दिवसाला २,३०० च्या वर वेळा अंगठा. पान्हा नाही, गन नाही, काही नाही. विनाटूल म्हणतात त्याला, पण टूल असतंच, ते माणसाच्या हाताला जोडलेलं असतं एवढंच.

चार पैसे वाचतात का, तर हो, वाचतात, खोटं कशाला बोलू. स्क्रू लावायला गन लागते, वेळ लागतो, स्क्रू हातातून निसटून दाराच्या पोकळीत पडला की तोच पुढे खडखडतो आणि सापडत नाही. पण तेवढंच कारण नाहीये. पॅनल प्लास्टिकचं, मागचा पत्रा लोखंडाचा. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली आणि एक मीटर लांबीचं प्लास्टिकचं पॅनल ४० डिग्रीने तापलं तर ते तीन-चार मिलिमीटर वाढतं, पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. चारी बाजूंनी स्क्रूने आवळलंत तर ते वाढणार कुठे, मधे फुगतं नाहीतर कोपऱ्यात चिरतं. म्हणून एक-दोन क्लिपा जागेवर पक्क्या आणि बाकीच्यांची भोकं लांबट ठेवतात, पॅनलला सरकायला जागा. आणि दाराच्या आत पावसाचं पाणी येतंच, काचेच्या कडेने उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. पॅडच्या क्लिपेला मागे रबर किंवा फोमची चकती असते ती त्या पाण्याला अडवायला. तिथे तुम्ही स्वतःचं नवीन भोक पाडून स्क्रू घातला की दोन पावसाळ्यात गंज. शिवाय आत काचेची यंत्रणा, वायरी, काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सरसुद्धा दारातच असतो. मेकॅनिकला स्क्रूचं टोक आत कुठे लागतंय ते दिसत नाही.

आणि प्लास्टिक म्हणून कमी लेखू नका. तुमच्या झबल्याचं, ब्लाऊजचं टिचबटण घ्या, तेच आहे हे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलची ए. रेमंड ही १८६५ पासूनची कंपनी, हातमोज्यांच्या टिचबटणांवर नाव काढलं आणि आज जगभर गाड्यांच्या क्लिपा करते (खाली सांगते त्या प्रकाराशी तिचा काही संबंध नाही). गंमत कोनात आहे. आत जाताना पात्याचा उतार लांबट असतो म्हणून कमी जोरात शिरते, बाहेर येताना उतार उभा असतो म्हणून जास्त जोर लागतो. आमच्या क्लिपेच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं, बसवायला जास्तीत जास्त ४५ न्यूटन, निघायला कमीत कमी ११०. ४५ न्यूटन म्हणजे अंगठ्यावर साडेचार किलो वजन ठेवल्यासारखं. ते ४५ पण कोणीतरी माणसाचा हात डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं ना. माझं सगळं भांडण त्या आकड्यावरून आहे.

झालं असं की २०१५ च्या एप्रिलमध्ये क्लिपा जड जायला लागल्या. आधी मला वाटलं मीच थकलेय. मग अंगठ्याच्या मुळाशी सूज आली, घरी भाकरी थापता येईना, पीठ मळताना डोळ्यात पाणी यायचं, आई म्हणाली कंपनी सोड. मी लाईन लीडरला सांगितलं की साहेब, क्लिप घट्ट येतेय. ते म्हणाले, अंगठ्याने दाबायचंय, नांगर धरायचा नाहीये, त्यात अक्कल काय लागते. सगळ्यांसमोर म्हणाले. मी आठ दिवस गप्प बसले आणि तळहाताने ठोकायला लागले, मग क्लिपा वाकड्या बसायला लागल्या, दोन-चार मोडल्या, शेवटच्या तपासणीत अस्तर हलतंय म्हणून गाड्या परत आल्या आणि चूक माझ्या नावावर लागली.

क्वालिटीवाले आले, त्यांनी पत्र्याची भोकं मोजली, रंगाचा थर जाड झालाय का बघितलं, भोकं बरोबर निघाली. क्लिपांची मापं घेतली, ती पण बरोबर. मग काय, सगळं बरोबर म्हणजे बाई चूक.

आणि मग एक दिवस शेजारच्या स्टेशनची मुलगी, तिच्याकडे डाव्या बाजूचं कार्पेट होतं, सेम क्लिपा, ती म्हणाली की अगं माझ्या तर लोण्यासारख्या जातायत. माझा विश्वास बसेना. तिच्या बिनमधल्या दहा घेतल्या, खरंच, टक्, टक्, बसल्या. मी बघत बसले की फरक काय. तिचा बिन पाण्याच्या कुलरच्या बाजूला ठेवलेला होता, कुलर गळत होता, तीन-चार दिवस थेंब थेंब त्या बिनमध्ये पडत होतं. क्लिपा ओल्या होत्या, बाकी काही नाही.

मी जेवणाच्या सुट्टीत पाच कोरड्या आणि पाच ओल्या रुमालात गुंडाळून क्वालिटीच्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक नवीन डिप्लोमावाला पोरगा होता, त्याने हसण्यावारी नेलं नाही, फोर्स गेज, म्हणजे किती जोर लागतो ते मोजायचं यंत्र, लावला. ओल्या ३८ ते ४२ मध्ये, कोरड्या ७० च्या आसपास, एक तर ७६ ला गेली आणि पातं मोडलं. दिवसाला २,३०० वेळा सात किलो. त्याने मग मला समजावलं की नायलॉन हवेतलं पाणी पितं. साच्यातून निघतं तेव्हा कोरडंठाक आणि कडक असतं, नेहमीच्या मध्यम दमट हवेत राहून वजनाच्या साधारण अडीच टक्के पाणी घेतं तेव्हा लवचिक होतं, नुसतं पाण्यातच बुडवून ठेवलं तर आठ टक्क्यांच्या पुढे जातं. आणि कोरड्या गरम हवेत ठेवलं की ते पाणी परत जातं. सप्लायरकडून पिशव्या ओलावा भरून, सीलबंद यायच्या. आमच्याच स्टोअरमध्ये मोजणी सोपी जावी म्हणून पंधरा-पंधरा दिवस आधी फोडून मोठ्या क्रेटमध्ये ओतून ठेवायला सुरुवात झाली होती, वर पत्रा, शेजारी कंप्रेसर. चाकणचा एप्रिल. पावसाळ्यात हेच केलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

पिशव्या लाईनवर आल्यावरच फोडायच्या असा नियम झाला, आठवड्यात क्लिपा हलक्या झाल्या. त्याचा कायझेनचा, म्हणजे कामात काय सुधारणा केली त्याचा, कागद बोर्डावर लागला, आधी-नंतरचे फोटो, फोर्सचे आकडे. नाव लाईन लीडरचं. त्या डिप्लोमावाल्या पोराचं नाही, कुलरवाल्या मुलीचं नाही, माझं नाही. मी जाऊन बोलले, तर म्हणाले तू ऑपरेटर आहेस, तुझं काम दाबायचं. अक्कल लागत नाही म्हणाले होते ना, मग कागदावर कोणाची अक्कल लावलीत? हे मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोलले नाही. दोन वर्षांनी सोडलं. अंगठा थंडीत अजून दुखतो.

तर तुमच्या दारावर येऊ. तुटलेल्या चार क्लिपा नव्या आणा, जुनी एक बरोबर न्या, कारण दिसायला सारख्या असून मानेची जाडी वेगळी असते. पुण्यात असाल तर नाना पेठेत मिळतात. आणि नुसती क्लिप बघू नका, पॅडच्या मागे क्लिप अडकवायचं प्लास्टिकचं छोटं घर असतं, आम्ही डॉगहाऊस म्हणायचो, पुष्कळदा तेच चिरलेलं असतं आणि नवीन क्लिप घालूनही खडखड जात नाही. पत्र्याच्या भोकात तुटलेलं जुनं टोक अडकलेलं असेल तर ते आधी काढा. नव्या क्लिपा आदल्या रात्री कोमट पाण्यात टाकून ठेवा, सकाळी पुसा आणि मग लावा, विशेषतः उन्हाळ्यात. प्रत्येक क्लिपेच्या बरोबर वर दाबायचं, मधेच कुठेतरी बुक्की मारायची नाही, टक् असा आवाज आणि हाताला झटका जाणवला की बसली. नाही बसली तर जास्त जोर लावू नका, क्लिप तिरकी आहे किंवा कोरडी आहे. तुमचा मेकॅनिक "जोर कमी पडतोय" म्हणाला तर ऐकू नका, जोर कमी पडत नसतो.

पुढच्या वेळी पॅड काढताना स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकचा काटा मिळतो, तो क्लिपेच्या अगदी जवळ घालून खालच्या कडेपासून सुरू करा. लांबून ओढलं की पॅड वाकतं आणि तेच डॉगहाऊस मोडतं.

दोन गोष्टी राहिल्या. स्क्रू अजिबात नसतात असं नाही, दार ओढायच्या हँडलला, आर्मरेस्टला असतात, कारण तिथे माणूस जोर लावतो. ते टोपीखाली लपवलेले असतात, ते न काढता पॅड ओढलंत तर क्लिपांचा दोष नाही. आणि सगळ्या क्लिपा नायलॉनच्या नसतात, काही ॲसिटल नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकच्या असतात, त्यांना पाण्यात ठेवून काही फरक पडत नाही, नुकसानही नाही. पण समोरच्या काचेच्या बाजूचा जो खांब असतो, त्यात पडद्याची (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) एअरबॅग असेल तर तिथल्या क्लिपेला हात लावू नका. तिला पट्टा असतो, एअरबॅग उघडली की ट्रिम तोंडावर उडू नये म्हणून, आणि ती एकदा काढली की नवीन ओरिजिनलच घालायची. तिथे नाना पेठ नाही, सर्व्हिस सेंटर.

आणि तुमच्या गाडीचं ते पॅड पहिल्यांदा बसवलं तेव्हाही कोणीतरी हातानेच बसवलंय, स्पीकर लावेपर्यंत खडखडलं नव्हतं ना.