विकेट पडते, विकेट ओली असते, विकेट राखलीही जाते

प्रश्न असा आहे: ‘विकेट पडली’, ‘विकेट ओली आहे’ आणि ‘चेंडू विकेटवर आदळला’ या तिन्ही वाक्यांत विकेट एकच कशी? मूळ अर्थ कोणता, आणि मराठीत यष्टी म्हणावं, गडी म्हणावं की बळी?

उत्तर शनिवारवाड्यापासून सुरू करतो. तिथल्या दिल्ली दरवाज्याच्या अजस्र फळीत एक छोटं दार आहे, माणूस वाकून आत जाईल एवढं. त्याला आपण दिंडी म्हणतो (वारकऱ्यांची दिंडी वेगळी). विकेटचा मूळ अर्थ नेमका हाच. कारखान्याच्या मोठ्या फाटकातल्या लहान दाराला आजही ‘विकेट गेट’ म्हणतात, ते क्रिकेटवरून नव्हे. उलट क्रिकेटनेच तो शब्द दारावरून उचलला. इंग्रजीत तो उत्तर फ्रान्सच्या बोलीतून आला. त्या बोलीत जिथे ‘व’ होता, तिथे पॅरिसच्या फ्रेंचमध्ये ‘ग’. इंग्रजांचा विल्यम फ्रेंचांकडे गियोम होतो, तसा विकेटचा भाऊ ‘गिशे’. आज फ्रान्समध्ये गिशे म्हणजे तिकीटखिडकी.

पण तीन दांड्यांत दार कुठे दिसतं? तेव्हा तीन नव्हत्याच. १७४४च्या नियमांत दोनच दांड्या होत्या, २२ इंच उंच, आणि त्यांवर ६ इंचांची एक आडवी काडी, म्हणजे बेल. म्हणजे चौकटच की! या चौकटीत मोठी गोची होती. चेंडू मधून आरपार गेला आणि बेल हलली नाही, तर फलंदाज शाबूत. १७७५ साली लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर ‘लम्पी’ स्टीव्हन्सचा चेंडू जॉन स्मॉलच्या दोन दांड्यांमधून तीनदा निघून गेला. त्यानंतर तिसरी दांडी आली, दार बुजलं, नाव मात्र राहिलं.

पुढचे अर्थ एकातून एक निघाले. बेल पडली की फलंदाज बाद, म्हणून बाद होणं म्हणजेच विकेट. झेल घेतला तर बेल जागची हलतही नाही, तरी ‘विकेट पडली’च. मग डावात किती बाद झाले याची मोजणीही त्याच शब्दात, आणि दोन विकेटांमधली २२ यार्डांची जमीन तीही विकेट. हा शेवटचा अर्थ बोलण्यातला. नियमांत जमिनीला पिचच म्हणतात, आणि विकेट म्हणजे तीन यष्ट्या नि दोन बेल्स, उंची २८ इंच, रुंदी ९.

मराठीने हा गोंधळ घरात घेतला नाही. जमिनीला खेळपट्टी, दांड्यांना यष्टी, बाद होणाऱ्याला गडी. ‘यष्टी’ ऐकून कुणी नाक मुरडतं, पण शब्द आपल्या रोजच्या घरातला आहे. यष्टी म्हणजे काठी. प्राकृतात तिची ‘लठ्ठी’ झाली आणि पुढे लाठी. खोकल्यावर चघळतो ते ज्येष्ठमध म्हणजेही मूळचं यष्टिमधु, गोड काठी. (समासात ष्टि ऱ्हस्व: यष्टिरक्षक, यष्टिचीत.)

मला खरी गंमत वाटते ती बाकीच्या शब्दांची. गडी आला हुतुतू-खोखोच्या मैदानावरून. ‘चीत’ आला थेट आखाड्यातून: पाठ मातीला टेकली की मल्ल चीत. पायचीत, धावचीत, यष्टिचीत हे शब्द आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांच्या समालोचनात ऐकताना कुणाला परके वाटले नाहीत, कारण त्यांच्या अंगाला तांबडी माती होती. आणि ‘त्रिफळाचीत’ तर अफलातून! हिरडा, बेहडा, आवळा यांचं चूर्ण कुणीतरी तीन दांड्यांवर उधळलं. इंग्रजी ‘बोल्ड’मध्ये यातलं काहीच नाही. गल्लीत मात्र आम्ही ‘दांडी गुल’ म्हणूनच ओरडायचो. तेही अस्सलच.

बोलीत विकेट आणखी पुढे गेली आहे. लग्न ठरलं की मित्राची विकेट पडते. महिनाअखेरीला साहेब आपली विकेट काढतात. इथे यष्टी, गडी काहीच चालणार नाही. विकेटच हवी.

आता गडी की बळी? दोन्ही बरोबर, पण जागा वेगळ्या. गोलंदाजाच्या बाजूने पाहिलं तर बळी: ‘बुमराने पाच बळी घेतले’. फलंदाजीच्या बाजूने गडी: ‘तिसऱ्या गड्यासाठी शतकी भागीदारी’, ‘पाच गडी राखून विजय’. तिथे ‘पाच बळी राखून’ लिहू नये. जे राखले ते बळी कसले?