ज्येष्ठांच्या संकुलाचा नकाशा: हरकत कधी घ्यायची आणि कशावर?

प्रश्न: आमच्या सोसायटीला लागून असलेल्या प्लॉटवर ज्येष्ठ नागरिकांसाठी दोनशे फ्लॅटच्या संकुलाचा फलक लागला आहे. परवानगी देण्याआधी नगरपरिषद आमचं म्हणणं ऐकून घेईल का? (एक वाचक, तळेगाव दाभाडे)

ते जमिनीच्या झोनवर अवलंबून आहे. नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्याच भागाचा उतारा) काढा. फी भरली की कोणालाही मिळतो.

जमीन रहिवासी झोनमध्ये असेल, तर एकेका इमारतीच्या परवानगीसाठी जाहीर सुनावणी घेण्याची तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नाही. कलम ४४ खाली अर्ज येतो, कलम ४५ खाली निर्णय होतो. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही आणि प्रस्ताव नियमात बसत असेल, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. कलम ४७ खालचं अपीलही फक्त अर्जदाराला करता येतं, शेजाऱ्याला नाही. बऱ्याच सोसायट्यांना हे जोतं बांधून झाल्यावर कळतं.

जमीन शेती झोनमधून रहिवासी झोनमध्ये घ्यायची असेल किंवा तिच्यावरचं आरक्षण (शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) उठवायचं असेल, तर मात्र विकास आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. राजपत्रात सूचना निघते, त्या तारखेपासून एक महिन्यात हरकती व सूचना द्यायच्या असतात आणि बाधितांना सुनावणी द्यावीच लागते. तुमचं म्हणणं कायद्याने ऐकून घ्यावं लागतं ते इथे. म्हणून सूचनांवर लक्ष ठेवा आणि हरकतीच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पोच नसेल आणि सुनावणीचं पत्र आलंच नाही, तर दाखवायला हाती काहीच उरत नाही.

एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर पर्यावरण मंजुरी लागते. इमारत प्रकल्पांना तिथेही जनसुनावणी नाही. पण कागदपत्रं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर दिसतात आणि मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं.

प्रश्न: जमिनीच्या झोन बदलाची सूचना निघाली आहे. रुग्णवाहिका, अंत्ययात्रा, रात्री-अपरात्रीची वर्दळ असे मुद्दे काढून आम्ही सह्या गोळा केल्या आहेत. निवेदन असंच द्यावं का? (सोसायटीचे सचिव, पुणे जिल्हा)

नको. म्हातारी माणसं शेजारी नकोत, एवढाच त्याचा अर्थ निघतो, आणि तो मुद्दा नियमात बसत नाही, माणुसकीतही नाही. हरकत मोजमापावर घ्या.

आधी रस्ता. आराखड्यात १२ मीटर दाखवलेला रस्ता जागेवर ६ मीटरच असतो, उरलेली पट्टी खासगी मालकीत अडकलेली असते. मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, त्यामुळे रस्ता कागदावरच राहिला तरी मजले मात्र खरे चढतात. जागेवर टेप लावा, फोटो काढा, मोजणी नकाशा जोडा. रुंदीकरणाची जागा आधी पालिकेच्या ताब्यात द्यावी आणि मगच काम सुरू व्हावं, अशी अट मागा.

मग पाणी. हिशेबात एका फ्लॅटला ५ माणसं आणि माणशी रोज १३५ लिटर धरतात. २०० फ्लॅटना १,३५,००० लिटर होतात, म्हणजे १०,००० लिटरचे साडेतेरा टँकर, रोज. अशा संकुलात फ्लॅटमागे दोनच माणसं राहतील, हे खरं आहे. पण सामायिक स्वयंपाकघर, धुलाई आणि कर्मचारी यांचं पाणी वेगळं दाखवलं आहे का, ते विचारा. सांडपाणी साधारण ८० टक्के धरतात. स्वयंपाकघराच्या लाइनवर तेल अडवणारा सापळा नसेल, तर शुद्धीकरण प्रकल्पातले जिवाणू तेलाखाली गुदमरतात आणि वास तुमच्याच खिडक्यांत येतो.

सामासिक अंतरांतून (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेतून) अग्निशमनाची गाडी वळते का, हेही बघा. त्या जागेत पार्किंग आखलेलं असेल तर तसं लिहा.

प्रश्न: आई-वडिलांसाठी अशा संकुलात फ्लॅट बघतो आहे. मंजूर नकाशात काय तपासू? (एक वाचक, ठाणे)

महारेराने (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष लागू केले. दार ९०० मिलिमीटर, जिना १,५०० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. नकाशा आणि करारनामा दोन्ही याच्याशी ताडून बघा.

दाराचा आकडा बहुधा भिंतीतल्या खाचेचा असतो. चौकट आणि उघडलेलं दार वजा केलं की व्हीलचेअरला जेमतेम ८०० मिलिमीटर उरतात. ‘मोकळी रुंदी’ किती, असाच प्रश्न विचारा.

रॅम्पचा उतार १:१२ हवा. जोतं ४५० मिलिमीटर असेल तर ५.४ मीटर उतार, वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, एकूण ८.४ मीटर. नकाशात ३ मीटरचा रॅम्प दिसला, तर तो जवळजवळ १:७ आहे. त्यावर खुर्ची ढकलणाऱ्याचीही दमछाक होते.

निदान एका लिफ्टची आतली खोली दोन मीटरच्या वर हवी, नाहीतर स्ट्रेचर उभा करावा लागतो.

न्हाणीघराकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगाने ते अडतं. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार मागा. आधाराचे दांडे एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट विटांच्या) भिंतीत साध्या प्लगवर बसवले, तर माणसाचं वजन पडताच उखडतात. त्या जागी काँक्रीटची पट्टी किंवा केमिकल अँकर (रसायनाने भिंतीत चिकटवलेला खिळा) हवा, आणि ते टाइल्स लावण्याआधी ठरायला हवं.

दवाखान्याची खोली आणि भोजनगृह कोणत्या मजल्यावर, किती चौरस मीटरचं, हे करारात लिहून घ्या. मंजूर नकाशात पुढे बदल करायला रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

नकाशे दाखवायला टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मंजूर नकाशांचा पूर्ण संच आणि अटींसह प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

प्रश्न: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची पालिकेची परवानगी) नंतर मिळेल, आधी राहायला या, असं सांगतात. जावं का? (एक वाचक, नाशिक)

जाऊ नका. लिफ्टचा परवाना आणि अग्निशमन विभागाचा अंतिम दाखलाही बघायला मागा. ताब्यानंतर दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचा ‘नमुना ब’ (आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) अग्निशमन विभागाकडे जायला हवा. तो कोण भरणार, हे देखभाल करारात आताच लिहून घ्या.