गॅरेजातून उत्तरं : आधी फियाट, मग बाकीच्या

प्रश्न : मामा, मी औशाचा, वय २९, सध्या पुण्यात नोकरीला. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. जुन्या गाड्यांचं लई वेड आहे, पण घेऊन ठेवायला ना जागा ना पैसा. एकदा तरी चालवायलाच पाहिजेत अशा गाड्या कोणत्या?
— एक वाचक, औसा

उत्तर : बाळा, चालवायचंय म्हणालास, हे फार आवडलं. जुन्या गाडीपाशी उभं राहून फोटो काढणारे माझ्याकडं रोज येतात. चालवून बघतो म्हणणारा सहा महिन्यांत एखादा.

सगळ्यात आधी फियाट. मुंबईत कुर्ल्याला बनायची, पुढं तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं. मी अंबाजोगाईत उस्तादांच्या हाताखाली पाने द्यायला लागलो तेव्हा इथल्या मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांच्या फियाटी ओळीनं यायच्या. कोणत्या डॉक्टरांची गाडी आली ते उस्ताद पाठमोरे असताना सांगायचे.

तुझ्या गाडीचा गिअर गाडीच ठरवते. फियाटमध्ये तू ठरवायचा, आणि तोही कानानं. दांडी स्टेअरिंगच्या खाली, डाव्या हाताला. तिथून लांब रॉड गिअरबॉक्सपर्यंत जातात. मधले बुश (सांध्यात बसवलेल्या छोट्या बांगड्या) झिजले की दांडी सैल होते, गिअर सापडत नाही, आणि घाई केली की अडकते. मग बॉनेट उघडून हातानं सोडवायची. म्हणून दांडी रेटायची नाही. न्यूट्रलला क्षणभर थांबायचं, इंजिनाचा आवाज उतरला की पुढं न्यायची. पहिला गिअर गाडी पूर्ण उभी राहिल्यावरच. आठ-दहा किलोमीटरनंतर हात आपोआप थांबायला लागतो. तो थांबलेला हात तुला कळावा, एवढ्यासाठीच फियाट पहिली.

चालव हिवाळ्यात, पहाटे. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून असलेली खुंटी, ओढून स्टार्ट कर आणि इंजिन तापत जाईल तसा चोक थोडा थोडा आत सार. मे महिन्यातल्या आपल्या दुपारी इंजिनावरच्या पंपात पेट्रोलची वाफ होते, गाडी आचके देऊन बंद पडते. पंपावर ओलं फडकं ठेवून लिंबाखाली बसायचं, दुसरं काही करता येत नाही. आणि १९५० च्या दशकातली ‘डुक्कर फियाट’ कुणाकडं चालू हालतीत सापडली तर हातातलं काम टाकून जा. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, दार उलटं उघडतं.

अ‍ॅम्बेसेडर मात्र घाटात चालव. १९९१ साली साखर कारखान्याच्या एका संचालकांची गाडी ट्रायलला घेऊन मी मांजरसुंब्याचा घाट उतरत होतो. पेट्रोल वाचवायचं म्हणून न्यूट्रलमध्ये सोडली. तिसऱ्या वळणाला ब्रेक इतके तापले की पेडल खाली जायला लागलं. शेजारी उस्ताद. ते एकच शब्द बोलले, “दुसरा.” क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, परत क्लच आणि दुसरा. इंजिन किंचाळलं, पण गाडी धरली. त्या दिवसापासून उतारावर मी गाडी न्यूट्रल केलेली नाही. नव्या गाडीत इंजिन गाडीला असं मागं ओढतंय हे जाणवतसुद्धा नाही. अ‍ॅम्बेसेडरमध्ये ते तळपायाला लागतं.

ती मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालात उत्तरपाड्याला बनायची, २०१४ साली बंद झाली. मारुती ८०० पण त्याच वर्षी थांबली. तिचं १९८६ च्या आधीचं पहिलं मॉडेल मिळालं तर जरूर चालव.

महिंद्राची उंच बॉनेटची जुनी जीप डांबरी रस्त्यावर चालवू नकोस, मजा नाही. पहिल्या पावसानंतर काळ्या रानात घाल. माती चाकाला चिकटून गोळा होतो, तेव्हा मोठ्या गिअरशेजारच्या दोन छोट्या दांड्या कशासाठी आहेत ते कळतं : एक पुढच्या चाकांनाही जोर देते, दुसरी गाडी हळू पण ताकदीनं ओढते. स्टेअरिंग बहुतेक डावीकडं असेल, सवयीला अर्धा तास दे.

मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड मी एकदाच चालवली. तिचं अख्खं तोंड पुढं उलटतं, पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. इतक्या प्रेमानं फिटरचा विचार केलेली दुसरी गाडी मी पाहिली नाही.

कुठलीही असो, मालकाला शेजारी बसव. पहिले पाच किलोमीटर त्यालाच चालवू दे आणि तू त्याच्या पायांकडं बघ.

प्रश्न : मामा, वडील जाऊन चार वर्षं झाली. त्यांची १९८४ ची पद्मिनी त्याच्याही आधीपासून शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. भाऊ म्हणतो, नवी बॅटरी लावून स्टार्ट मारू. मला ती एकदा चालवायची आहे.
— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, भावाला थांबवा. इतकी वर्षं उभ्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारला तर आतल्या पिस्टनच्या रिंग तुटू शकतात. चारी प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस राहू द्या. मग प्लग बाहेरच ठेवून, टॉप गिअर टाकून गाडी हळू ढकला. इंजिन मोकळं फिरलं तरच पुढचं काम. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा, टाकी धुवा. रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपातला रबरी पडदा नवाच घाला, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या उसाचंच ते, पण जुन्या रबराला सोसत नाही आणि हवेतलं पाणी धरतं. ब्रेकचे रबरी वॉशर चारी चाकांचे बदला, टायर वरून चांगले दिसले तरी बदला. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढं दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आरसी बुक शोधून तारीख बघा, त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

फिटर सीटचं कव्हर नवं घालतो म्हणेल, घालू द्या. गिअरच्या दांडीचा गोळाही बदलतो म्हणेल. तो वडिलांच्या हातानं झिजलाय, तो तसाच ठेवायला सांगा.