शेतकीची पदवी आणि पीककर्जाचा प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी कोरेगाव तालुक्यातली. बी.एस्सी. अ‍ॅग्री झाले आहे. गेल्या वर्षी आयबीपीएस पीओची (सरकारी बँकांतल्या अधिकारी भरतीची) मुख्य परीक्षा पास झाले, पण मुलाखतीत पुरती गडबडले. पीककर्ज थकीत कधी धरतात, साताऱ्याची लीड बँक कोणती, असं साधंच विचारलं आणि मला काही सुचेना. अंतिम यादीत नाव थोडक्यात हुकलं. यंदा पुन्हा मुलाखतीचं पत्र आलंय. मैत्रिणी म्हणतात, मुलाखत म्हणजे नशीब. तयारीने खरंच फरक पडतो का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : पडतो, चांगलाच पडतो. अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० टक्के वजन असतं. मुलाखत १०० गुणांची. तिथे किमान ४० टक्के (एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना ३५) मिळाले नाहीत, तर लेखीत कितीही गुण असोत, नाव बाद. आणि मुलाखतीतले १० गुण म्हणजे यादीतले २. यादीत नावं दशांशाने वर-खाली होतात, हे तू सोसलंच आहेस.

मी शाखा सांभाळल्या, पुढे मुलाखतीच्या पॅनेलवरही बसले. एखाद्याला रेपो रेट आठवला नाही तर आम्ही पुढे जायचो. पण शेतकी शिकलेली मुलगी पीककर्जावर अडली की मला फार वाईट वाटायचं. घरच्या बांधावरचा प्रश्न असायचा तो!

तुझंच उदाहरण घे. इतर कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं. शेतीला तो नियम नाही, कारण पैसा पिकाबरोबर येतो. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, वर्षाहून जास्त घेणाऱ्या पिकाला एक हंगाम थकबाकी राहिली की मग एनपीए. आता हे नुसतं पाठ करू नकोस. तुमच्याकडचा घेवडा पहिल्या गटात जातो, सोळा-अठरा महिन्यांचा आडसाली ऊस दुसऱ्या. एवढं बोललीस की पॅनेलवरची माणसं सरसावून बसतील आणि पुढचे प्रश्न तुझ्या ओळखीच्या रस्त्याने येतील. लीड बँक म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक; साताऱ्याची बँक ऑफ महाराष्ट्र. लीड बँक योजना १९६९ची, तिच्यामागे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाची शिफारस आहे, हेही सांगता येईल.

तयारी सुरू करताना भरलेला अर्ज पुढ्यात घे. गाव, पदवी, छंद, मधलं रिकामं वर्ष, यातली एकेक ओळ म्हणजे एकेक प्रश्न. छंदात ‘वाचन’ लिहिलं असशील तर शेवटचं काय वाचलं, हे ठरलेलंच.

मग एक दिवस गावातल्या शाखेत जा, शेती अधिकाऱ्यांना भेट. गर्दी नसेल तेव्हा जा, म्हणजे ते निवांत बोलतील. किसान क्रेडिट कार्डाला काय कागद लागतात, सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा कसा चढतो, बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला कशासाठी मागतात, हे त्यांच्या टेबलाशी बसून बघ. तारणाशिवायच्या शेतीकर्जाची मर्यादा जानेवारी २०२५ पासून २ लाख झाली. त्याचा खातेदारांना काय उपयोग होतोय, तेही विचार. क्लासच्या नोट्समधून हे मिळणार नाही.

‘शेतकी शिकून बँकेत का?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘देशसेवा’ वगैरे नको. कुणाच्या कर्जाचं काय अडलं होतं, ते तू पाहिलं असशील, ते सांग. आणि मनातल्या मनात नाही, मोठ्याने म्हण. आईसमोर, भावासमोर, जमलं तर कॉलेजच्या सरांसमोर. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या वाक्याला ओळखू येतं, म्हणून मुद्दे पक्के ठेव, शब्द त्या वेळचे येऊ देत. येत नसेल तिथे ‘माहीत नाही, सर’ म्हणून थांब. अंदाजाने ठोकलेल्या उत्तरावर आणखी तीन प्रश्न येतात.

कागदपत्रं आधीच्या आठवड्यात लाव. ओबीसीतून अर्ज असेल तर नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि पत्रात दिलेल्या मुदतीतला आहे ना, हे आजच बघ. तहसीलमध्ये त्याला वेळ लागतो.